कच्चा जोड

दिवा विझला की तो आलेला असतो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं.

दिवा म्हणजे गाडीतला. स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याखाली, टाचणीच्या डोक्याएवढा लाल दिवा. चावी फिरवली की तो लुकलुकायला लागतो. चावी खरी असेल तर जरासा लुकलुकून विझतो आणि मगच गाडी सुरू व्हायला राजी होते. खोटी असेल तर तो लुकलुकतच राहतो. पुढचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन ढिम्म. आमच्याकडे राहिली होती ती खोटी चावी, चावीवाल्याने कुलूप बघून कापून दिलेली. खरी चावी आमच्या मुलाच्या गळ्यात असायची, काळ्या दोरीत ओवलेली. नदीने दुसऱ्या दिवशी त्याला परत दिलं. चावी दिली नाही.

हे मी एकदाच आणि सरळ सांगून टाकते, कारण लोक आडून आडून विचारायला लागले की माझं डोकं फिरतं. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याला पोहता येत होतं. नदीच्या त्या वळणावर तो शाळेत असल्यापासून डुंबायला जायचा. त्या दिवशी पाण्याला ओढ होती, असं पलीकडे गळ टाकून बसलेल्या माणसाने सांगितलं. काठावरच्या खडकावर त्याचे कपडे होते. शर्ट, पँट, वर घड्याळ. कपड्यांच्या नीट घड्या घातलेल्या होत्या.

त्या घड्यांनीच घात केला. आमच्या पोराने जन्मात कधी रुमालाची घडी घातली नव्हती. आंघोळीला गेला की त्याची पँट खोलीच्या मधोमध तशीच उभी असायची, जणू आतला माणूस विरघळून गेलाय. चौकशीला आलेल्या साहेबांनी ह्यांना कपडे ओळखायला लावले, आणि मग विचारलं, "घरात काही झालं होतं का?"

"नाही," आमचे हे म्हणाले.

मी काही बोलले नाही, कारण त्या दिवशी सकाळपासून मी माझ्या दुकानात होते. नंतर वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून कळलं, की सकाळी बापलेकांचा आवाज चढला होता. कशावरून, ते ह्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हे ताटावरून उठून गेले, म्हणून मग विचारायचं सोडलं. पाय घसरला, की त्याने मुद्दाम. या वाक्यापुढे आमच्या घरात कुणी गेलं नाही, पण दीड वर्ष ते वाक्य आमच्यातच राहत होतं. रात्री मी कूस बदलली की ते जागं असायचं.

मी वाइंडिंगचं काम करते. पंप जळला, पंखा जळला, मिक्सर जळला की लोक माझ्याकडे आणतात. मी आतली काळी पडलेली तार उपसून काढते आणि नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं करून भरते. माझ्या टेबलावर एक नियम आहे. दोन तारा जोडायच्या तर आधी नुसता पीळ द्यायचा. हा कच्चा जोड. त्याला पिवळी चिंधी बांधायची आणि दुसऱ्या माणसाला बघायला द्यायचं. दुसरा माणूस ओढून बघतो. घट्ट असेल तर चिंधी सोडतो आणि म्हणतो, पक्का कर. मग ज्याचा जोड त्यानेच त्यावर वितळलेलं कथील, म्हणजे सोल्डर मारायचं. सैल असेल तर म्हणतो, परत कर. आपली खोट आपल्याला दिसत नाही, म्हणून हा नियम. नवरा-बायको असोत की मायलेक, चिंधी सुटल्याशिवाय जोड पक्का होत नाही.

मुलगा लहानपणापासून त्या टेबलाशी वाढला. हात चांगला होता, पण घाई फार. मी त्याला घाईसरकार म्हणायचे. त्याचा जोड माझ्याकडे आला की दहातल्या नऊ वेळा मी म्हणायचे, "सैल आहे. परत कर." आणि तो म्हणायचा, "चांगला तर आहे, आई." मग परत करायचा.

पिवळ्या चिंध्या ह्यांच्या दुकानातून यायच्या. ह्यांची लाँड्री आहे. कुणीतरी धुवायला टाकून कधीच न्यायला न आलेली एक पिवळी चादर होती, तिच्या मी चिंध्या केल्या. आमचे हे डावरे आहेत. शर्टाच्या बाह्या मागे, कॉलर वर आणि शेवटची दुमड डावीकडून. ती घडी दुसरं कुणी घालत नाही. आपल्या मागे मुलाने लाँड्री बघावी अशी ह्यांची फार इच्छा होती, आणि मुलाला इस्त्रीची वाफ बघूनच घाम फुटायचा.

त्याचा जीव होता गाडीत. दोन माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी जुनी स्पोर्ट्स कार. तिचे दिवे बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे. भंगारात उभी होती, ती त्याने ओढत आणली आणि दोन वर्षं तिच्याखाली आडवा पडून तिला उभी केली. मला म्हणायचा, "तुला शिकवतो चालवायला." मी म्हणायचे, "मला नको. तुझी ती लाखमोलाची चावी माझ्या हातून हरवेल आणि तू मला घराबाहेर काढशील." हे खोटं नव्हतं. घराची, दुकानाची, कपाटाची, मी हरवली नाही अशी चावी नाही. त्या गाडीच्या खऱ्या चाव्या दोनच होत्या. एक त्याच्या गळ्यात, दुसरी आमच्या दारामागच्या खिळ्याला. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या दुकानाच्या चाव्या तिच्यावरच अडकवल्या होत्या, हे मला पक्कं आठवतं. तो गेल्यावर शोधलं तर खिळा रिकामा. त्या दिवसांत घरात इतकी माणसं येऊन गेली की आळ तरी कुणावर घ्यायचा.

गाडी मागच्या शेडमध्ये उभी राहिली आणि हळूहळू आमचे हे तिच्यात जाऊन बसायला लागले.

आधी दुपारचे बसायचे, जेवण झाल्यावर. मग लाँड्री दुपारनंतर बंदच राहायला लागली. बॅटरी उतरली की हे शेजाऱ्याकडून चार्जर आणायचे. ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसले नाहीत. पलीकडच्या दाराने शेजारच्या सीटवर बसायचे, हात लांबवून खोटी चावी फिरवायचे आणि लाल दिव्याकडे बघत राहायचे. शर्ट अंगात लोंबायला लागले. पोळी अर्धी टाकून उठायचे. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांना कशात तरी गुंतवा." मी म्हटलं, "गुंतलेत ना, तीच तर पंचाईत आहे."

एके दिवशी हात धुताना हे सहज सांगावं तसं म्हणाले, "आज तो आला होता."

"कोण?"

"दिवा विझला. बराच वेळ विझलेला होता. खरी चावी असल्याशिवाय विझत नाही ना तो?"

"लूज कनेक्शन असेल," मी म्हटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लूज कनेक्शनवर आहे. पण त्या दिवशी हे बोलताना माझ्या हातातून पेला निसटला, हेही खरं.

मग आठवड्यातून एकदा, कधी दोनदा तो यायला लागला. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी हे पोटभर जेवायचे. यायचा नाही त्या दिवशी पाण्यावर असायचे. एका दुपारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. गाडीचं दार लावून घेतलेलं, आत ह्यांची मान ताठ. मी ड्रायव्हरच्या बाजूची काच वाजवणार इतक्यात मला दिसलं. चावी फिरवलेली होती, काटे उजळलेले होते, आणि लाल दिवा विझलेला होता. रिकाम्या सीटच्या रेक्झिनवर त्याच्या पाठीचा खोलगटपणा अजून तसाच होता. मी चहा खाली ठेवला. मांजर झोपलं असताना उघडतात तसं मी दार उघडलं.

"अहो, मग सुरू करा ना," मी कुजबुजले. कुजबुजायचं कारण मलाही सांगता येणार नाही.

"गाडी त्याची आहे," हे म्हणाले. "तो बसलेला असताना मी कशाला चावीला हात लावू?"

मी वाकून चावीला हात लावला. हात लागताच दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. मी चावी मागेपुढे केली, दार आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. लुकलुक चालूच.

"उठवलंस तू त्याला," हे म्हणाले. रागाने नाही. घरातल्या कुणाला जागेवरून उठवलं की आपण सहज सांगतो, तसं.

तेव्हा मी घाबरले. दिव्याला नाही, ह्यांना. मला कळलं की हा माणूस एक दिवस या सीटवर बसल्या बसल्या संपेल आणि मी चहाचा कप घेऊन काचेबाहेर उभी असेन. मुलगा गेला, त्याला मी काही करू शकले नाही. हा माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. त्याच दिवशी ठरवलं, गाडी सुरू करायची. चालत्या गाडीत कुणी वाट बघत बसत नाही. तिच्यात बसलं की कुठेतरी जावं लागतं.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या पंख्यांच्या मोटारी मीच भरते. सगळे त्याला पार्टवाला म्हणतात, मीही तेच म्हणते. त्याने आधी गाडीचे कागद मागितले, ते बघितले, मग कपाटातून काडेपेटीएवढी काळी पेटी काढली.

"इमोबिलायझर म्हणजे काय, तर राखणदार," तो म्हणाला. "चावीच्या डोक्यात एक चीप असते. कुलपाभोवती तांब्याची रिंग असते. रिंग विचारते, कोण आहे? चीप आपली खूण सांगते. खूण पटली तर राखणदार इंजिनाला म्हणतो, जाऊ दे. तुमच्याकडे चीप नाही. ही पेटी मधे बसवली की ती राखणदाराला बाजूला करते आणि इंजिनाला स्वतःच सांगते, जाऊ दे, घरचाच माणूस आहे."

"रिंग म्हणजे माझ्याच कामाची की," मी म्हटलं. "बसवेन मी."

"काकू, स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणं झोपावं लागेल."

"तू माझ्या मानेची काळजी करू नको. पेटी चालते का तेवढं सांग."

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर पेटी ठेवली आणि काय करणार ते सांगितलं. हे पेटीकडे बघत राहिले.

"म्हणजे ही गाडीला सांगणार, तो आलाय."

"तसंच काहीसं."

"खोटं."

"अहो, गाडी आहे ती. तिला खरं-खोटं काय कळतंय?"

"कळतं म्हणून तर सुरू होत नाही," हे म्हणाले. "आख्ख्या घरात तेवढं एकच राहिलंय, जे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. तेही तुला बघवत नाही."

हे लागलं मला. पण मी पेटी उचलून हत्यारांच्या डब्यात टाकली. मुलाने हट्ट माझ्याकडूनच घेतला होता, ह्यांच्याकडून नव्हे.

रविवारी जेवण झाल्यावर शेडचं दार सताड उघडलं. बॅटरीची वायर काढली. ड्रायव्हरची सीट जेवढी मागे जाते तेवढी मागे सारली, आणि पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलपाशी अशी उताणी झाले. या वयात असं झोपायला लाज वाटायला हवी, पण बघायला होतं कोण? हे दारात स्टुलावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. येणार नाही म्हणाले होते. आले होते.

स्टिअरिंगखालचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढायचं होतं. चार स्क्रूंची भोकं, पण स्क्रू दोनच. मी मनात म्हटलं, आला घाईसरकार. पुन्हा उघडायचं असलं की तो सगळे स्क्रू लावत नसे, दोनावर भागवायचा आणि उरलेले खिशात टाकायचा. मग धुताना ह्यांच्या मशीनमध्ये खडखडायचे. झाकण निघालं. मी तोंडातली विजेरी हातात घेतली आणि वर बघितलं.

तारांच्या गुंत्यात पिवळी चिंधी होती.

मी ती बराच वेळ नुसती बघत राहिले. धूळ बसली होती, पण रंग तोच. त्या चादरीचा. तिच्या आत दोन तारांचा पीळ, सोल्डर नाही. एक तार कुलपाभोवतीच्या रिंगकडे जात होती, आणि तिथे मूळ रिंगेवर दुसरं एक वेटोळं चढवलेलं होतं, बारीक तांब्याच्या तारेचं, माझ्याच दुकानातल्या रिळाचं. दुसरी तार मागे गेली होती. मी बोटांनी चाचपडत गेले. आत कोपऱ्यात, चिकटपट्टीने बांधलेली, डोक्याभोवती तसंच वेटोळं घेतलेली, दारामागच्या खिळ्यावरची दुसरी चावी होती.

त्याने आधीच करून ठेवलं होतं. पेटीबिटी नाही, त्याच्या पद्धतीने. खरी चावी आत लपवायची, तिची खूण तारेने रिंगपर्यंत आणायची. मग कुलपात कसलीही साधी चावी घातली तरी चालेल. अशा साध्या चाव्या चावीवाला डझनाने कापून देतो. हरवल्या तर हरवल्या. हे कुणासाठी होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या घरात चाव्या हरवणारी एकच बाई होती.

आणि जोड सैल होता. गाडी हलली, दार लागलं, ऊन-थंडीने तार ताणली की तो कधी चिकटायचा, कधी सुटायचा. चिकटला की दिवा विझायचा. दीड वर्ष आमच्याकडे येत होता तो हा जोड.

मला आनंद व्हायला हवा होता, मी म्हटलं होतं तसंच निघालं होतं. पण मी तिथे पडून हुंदके द्यायला लागले आणि माझं डोकं पेडलवर आपटलं.

"काय झालं?" हे उठून आले. "लागलं का?"

"दुसरी चावी सापडली," मी म्हटलं, आणि काय दिसतंय ते जसं होतं तसं सांगितलं. दिव्याचंही सांगितलं. लपवून काय करणार? हे गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला खालून उलटा दिसत होता.

"म्हणजे तो येत नव्हता," हे म्हणाले.

"नव्हता."

हे हळूच खाली बसले, शेडच्या फरशीवर, माझ्या डोक्याजवळ. मग म्हणाले, "कधी केलं असेल हे त्याने?"

"आदल्या संध्याकाळी चावी खिळ्याला होती. म्हणजे रात्री नाहीतर त्या दिवशी सकाळी."

"सकाळी," हे म्हणाले. "सकाळीच. आमचं झाल्यावर."

मी हलले नाही. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं होतं. माझ्या श्वासानेही ते बंद होईल अशी भीती वाटत होती.

"मी त्याला म्हटलं होतं, मी मेल्यावर दुकानाला कुलूप लावशील तू. सत्तावीस वर्षं माझ्या पोटी आहेस, एका शर्टाची घडी येत नाही तुला. तो म्हणाला, शिकवा. चेष्टेनेच म्हणाला असेल. मी चिडलो. मी म्हटलं, आता नको, तू माझ्या डोळ्यांसमोरून जा." हे थांबले. "तो इकडे शेडमध्ये आला. ठोकाठोक ऐकू येत होती. मग कधीतरी गेला. मी बघितलंसुद्धा नाही."

"आणि?"

"नदीवर मला कपडे दाखवले. शर्टाच्या बाह्या मागे होत्या. कॉलर वर. शेवटची दुमड डावीकडून." ह्यांनी हाताने हवेत ती दुमड घातली. "तो उजवा होता ना गं. उजव्या हाताच्या माणसाला ती घडी उलटी पडते. तरी घातली होती. मला दाखवून गेला, बघा, येते मला. आता झालं ना समाधान? दीड वर्ष मला तेवढंच दिसतं. मी म्हटलं जा, आणि तो घडी घालून गेला."

साहेबांनी ते कपडे पिशवीत कोंबून दिले होते, माझ्या हातात आला तो बोळा. मला फक्त 'घडी घातलेले' एवढंच माहीत होतं. कुणाची घडी, ते हा माणूस एकटा छातीशी धरून बसला होता. मला त्याची दया आली आणि रागही इतका आला की काय सांगू.

मी हात वर केला आणि चिंधी बोटात धरली.

"अहो, इकडे वाका. बघा. हे काय आहे?"

"चिंधी."

"कच्च्या जोडाची चिंधी. मला बघायला द्यायच्या जोडाला बांधतात ती. तुम्ही त्याला जा म्हटल्यावर तो इथे आला, पाठ मोडून त्याने हे केलं, आणि मी संध्याकाळी बघावं म्हणून चिंधी बांधली. झाकणाला दोनच स्क्रू लावले, कारण माझ्यासमोर पुन्हा उघडायचं होतं. जो परत यायचा नसतो तो सोल्डर मारून जातो, चार स्क्रू लावून जातो. हा संध्याकाळी घरी येणार होता. त्याला माझ्याकडून 'पक्का कर' ऐकायचं होतं. आणि ती घडीही तशीच होती. पाण्यातून बाहेर यायचं, तोच शर्ट तसाच काखेत धरून तुमच्या दुकानात यायचं आणि तुमच्या टेबलावर ठेवायचा. तुम्ही बघावं म्हणून. तो कुणाला धडा शिकवायला नव्हता गेला. काम दाखवायला ठेवून गेला होता, दोघांना दोन."

ह्यांनी हात लांबवून चिंधीला बोट लावलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्याला जाळून आलो त्या दिवशीही हे रडले नव्हते. रडू दिलं मी. मीही रडत होते, उताणी असल्यामुळे पाणी कानात जात होतं.

मग इतक्या वर्षांची सवय, माझे हात आपोआप पुढे झाले. चिंधी सोडली. दोन्ही तारा दोन चिमटीत धरल्या आणि ओढून बघितलं. जोड सरकला.

"सैल आहे," मी म्हटलं. "परत कर."

बोलून गेले आणि शेडमध्ये असं शांत झालं, की बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं तेही ऐकू आलं. 'परत कर' म्हटल्यावर 'चांगला तर आहे, आई' यायला हवं होतं. मी खरोखर थांबले होते त्यासाठी. तो गेल्याचं मला जेवढं तेव्हा कळलं, तेवढं चितेजवळही कळलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आमचे हे म्हणाले, "कसा करतात ते मला सांग."

"तुम्ही?"

"ज्याचा जोड त्याने करायचा ना? तो नसेल तर बापाने करायचा."

मी बाहेर सरकले आणि हे आत झोपले. ह्यांनी जन्मात तारेला हात लावलेला नाही. बल्ब बदलायचा तरी मला हाक. बोटं इस्त्रीने भाजून भाजून जाड झालेली, त्यांना बारीक तार कळत नव्हती. डावरे असल्यामुळे पीळ उलट्या दिशेने दिला. चिंधी बांधली आणि म्हणाले, "बघ."

मी ओढलं. "सैल आहे. परत करा."

दुसऱ्यांदा केला. "परत करा."

तिसऱ्यांदा केला तेव्हा वैतागले. "चांगला तर आहे."

बोलले आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ह्यांना हसू फुटलं, रडता रडताच, आणि मलाही. गाडीत डोकं घालून दोन म्हातारी माणसं अशी हसताना कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, झालं, दोघांचंही डोकं गेलं.

ह्यांनी चौथा जोड केला. मी तो माझ्या सगळ्या ताकदीने ओढला. माया दाखवायची नव्हती मला, तिथे तर नाहीच. सरकला नाही. मी चिंधी सोडली, खिशात ठेवली, आणि म्हटलं, "पक्का करा." सोल्डरचा धूर वर आला. मी मनगटाला हात दिला, पण सोल्डर ह्यांनीच मारलं.

बॅटरी जोडली. हे सवयीने पलीकडच्या दाराकडे गेले. मी म्हटलं, "अहो, इकडे बसा. चालवता तुम्हाला येते."

"तू बस," हे म्हणाले. "तुला शिकवणार होता ना?"

मी त्या खोलगट सीटवर बसले. खोटी चावी फिरवली. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. मी दार आपटलं, दोनदा. विझलेलाच राहिला. चावी आणखी पुढे फिरवली आणि इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि शेडभर धूर आणि दीड वर्षाची धूळ उडाली. कबुतरं उडून गेली. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिले.

"आता हा दिवा लागणार नाही?" त्यांनी विचारलं.

"लागून लगेच विझणार. कुठल्याही चावीने."

"म्हणजे गाडीला कायम वाटणार की तो आहे."

"हो."

"खोटंच ते."

"खोटंच."

ह्यांनी डॅशबोर्डवरची धूळ तळव्याने पुसली. "असू दे," मग म्हणाले.

पार्टवाल्याची काळी पेटी मी त्याला परत नेऊन दिली. लाँड्री आता संध्याकाळपर्यंत उघडी असते. रविवारी दुपारी हे मला मागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवतात, मी क्लच झटकन सोडते आणि गाडी बंद पडते, आणि ज्या माणसाने त्या सकाळी आवाज चढवला नसता तर बरं झालं असतं, तो आवाज न चढवता म्हणतो, "परत कर." साध्या चाव्या मी चार करून घेतल्यात, त्यातली एक हरवलीसुद्धा. ती पिवळी चिंधी मात्र जपून ठेवली आहे.

दर वेळी चावी फिरवली की तो लाल दिवा क्षणभर विचारतो आणि विझतो. गाडीची खात्री आहे, तो आत बसलाय. आम्ही दोघांनीही तिला अजून काही सांगितलेलं नाही.